दोन वाऱ्यांचं बेट
डोंगर ते दर्या : लेखांक सहावा – श्रीलंका

मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती डोंगर आधी की समुद्र आधी, याची. त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: कुठला समुद्र? बेटाला चारी बाजूंनी पाणी असलं तरी सुट्टीच्या दृष्टीने किनारे दोनच. एक नैर्ऋत्येचा, दुसरा पूर्वेचा. एक शांत असतो तेव्हा दुसरा खवळलेला असतो, आणि कुणाची पाळी कधी हे ठरवतो बेटाच्या पोटात उभा असलेला डोंगर. सहलींच्या जाहिरातींमध्ये ही गोष्ट जवळजवळ कधीच नसते. तिथे सगळे किनारे बारा महिने निळेच दिसतात.

गेल्या आठवड्यात आपण जॉर्जियात होतो. कॉकेशसची रांग उत्तरेचं गारठलेलं वारं अडवते म्हणून काळ्या समुद्राकाठी बातुमीला संत्री पिकतात, हे तिथे पाहिलं. डोंगर किनारा घडवतो, हे या लेखमालेचं सूत्र श्रीलंकेत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. कारण इथे अंतरं लहान आहेत. देशाचं क्षेत्रफळ सुमारे 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. लांबी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी सव्वादोनशे. एवढ्या जागेत पिदुरुतलागलाचं शिखर 2,524 मीटरपर्यंत चढतं. आपल्या कळसूबाईपेक्षा साडेआठशेहून अधिक मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी असलेल्या नुवारा एलियातून पश्चिम, दक्षिण किंवा पूर्व किनारा पक्ष्याच्या वाटेने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. डोंगराची सावली अख्ख्या देशावर पडते ती यामुळे.

ही सावली मराठी माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून ओलावा घेऊन येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढताना थंड होतो आणि कोकणावर, घाटमाथ्यावर रिता होतो. महाबळेश्वर भिजत असतं आणि माण-खटावला लोक आभाळाकडे बघत बसतात. श्रीलंकेत हेच घडतं, थोडं आधी. तोच वारा केरळ आणि कोकण गाठण्याआधी या बेटावर येतो, साधारण मेच्या उत्तरार्धात, आणि सप्टेंबरपर्यंत पश्चिम उतारांवर कोसळतो. हॅटनजवळच्या वटवला भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलेला वारा मात्र कोरडा आणि तापलेला असतो. तिकडचे लोक त्याला कच्चान म्हणतात. कच्चान सुटला की बट्टिकलोआच्या बाजूला दुपारी रस्ते ओस पडतात.

इथवरची गोष्ट आपलीच. पुढची मात्र आपल्याकडे घडत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा फिरतो आणि ईशान्येकडून येतो. महाराष्ट्रात तो कोरडा पोचतो. श्रीलंकेत येताना मात्र बंगालच्या उपसागरावरून पाणी भरून घेतो आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगावर, म्हणजे पूर्वेवर आणि उत्तरेवर, रिकामा होतो. पश्चिमेला तेव्हा ऊन आणि स्वच्छ आकाश. म्हणजे एकच डोंगर आळीपाळीने दोन्हीकडे पावसाची सावली धरतो. तिथल्या शेतकऱ्यांचे दोन हंगामही याच दोन वाऱ्यांवर बांधलेले आहेत: पावसाळी ‘महा’ आणि त्यानंतरचा ‘यल’. पर्यटकाचं वर्षही असंच दोन भागांत पडतं. फक्त त्याला ते कुणी सांगत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रेल्वेने जावं. कोलंबोच्या फोर्ट स्थानकातून बदुल्लापर्यंतचा मार्ग सुमारे 290 किलोमीटरचा आणि प्रवास नऊ-दहा तासांचा. रूळ आपल्यासारखेच, साडेपाच फुटी ब्रॉडगेज. कँडीपर्यंत गाडी 1867 मध्ये पोचली, नानू ओयाला 1885 मध्ये आणि शेवटच्या बदुल्लाला थेट 1924 मध्ये. पट्टिपोला हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्थानक, जवळजवळ एकोणीसशे मीटरवर. तिथून पुढे ओहियाच्या दिशेने एक बोगदा लागतो. हा बोगदा पाणलोटाच्या सीमेवर आहे आणि दोन प्रांतांच्या सीमेवरही. अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे ऊवा. जुलैत गाडी बोगद्यात शिरताना खिडकीच्या काचेवर धुकं आणि भुरभुर असते, आणि बाहेर पडताना पिवळं ऊन, कोरडं गवत आणि दूरवर उघडलेलं खोरं दिसू शकतं. जानेवारीत याच्या नेमकं उलट होण्याची शक्यता जास्त. हवामानाची पुस्तकं जे आकृत्या काढून सांगतात ते इथे काही मिनिटांत घडतं.

बोगद्यानंतर मार्ग एल्लाकडे उतरतो. एल्ला आणि देमोदरा यांच्यामध्ये नऊ कमानींचा दगडी पूल आहे, 1921 च्या सुमारास बांधलेला. श्रीलंकेचं बहुधा सर्वाधिक छायाचित्रित ठिकाण तेच. मला त्याहून देमोदराची रचना अधिक विलक्षण वाटते. उतार झेपावा म्हणून रुळांनी टेकडीला वळसा घातला आहे, आणि तो वळसा पूर्ण करून गाडी त्याच देमोदरा स्थानकाच्या खालून बोगद्यातून जाते. स्थानकात थांबलेली गाडी थोड्या वेळाने त्याच स्थानकाच्या पोटातून निघते. एल्लाला उतरून पुलावर गर्दी करणाऱ्यांनी तिकीट देमोदरापर्यंतचं काढावं, एवढं सुचवावंसं वाटतं.

हा सगळा खटाटोप सुट्टीसाठी झाला नव्हता. रेल्वे आली ती कॉफी उतरवायला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिलोन, म्हणजे तेव्हाची श्रीलंका, हा जगातल्या मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी होता. 1869 मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसू लागला आणि पुढच्या दोन दशकांत मळेच्या मळे उजाड झाले. कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने 1867 मध्येच एकोणीस एकरांवर चहा लावला होता. कॉफी मेली तेव्हा मळेवाल्यांना तो एकोणीस एकरांचा प्रयोग आठवला. रूळ कँडीला पोचले तेव्हा खाली कॉफी जात होती. नानू ओयाला पोचले तेव्हा चहाची खोकी चढू लागली होती. आज खिडकीतून दिसणारा हिरवा गालिचा म्हणजे एका रोगाने पुसलेल्या पाटीवर पुन्हा लिहिलेली शेती आहे.

आणि चहाची चवसुद्धा वाऱ्याचीच. डोंगराच्या पश्चिम अंगावर दिंबुला हा चहाचा प्रदेश आहे, पूर्व अंगावर ऊवा. कोरडं, गार वारं सुटलं की चहाचं झुडूप वाढ आखडतं आणि पानात सुगंध दाटतो. दिंबुलाचा उत्तम चहा त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये खुडला जातो, पश्चिमेला कोरडं असताना. ऊवाचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरमध्ये, डोंगर ओलांडून कोरडा झालेला वारा तिकडे पोचतो तेव्हा. एकाच देशात, एका बोगद्याच्या दोन बाजूंना, चहाचा बहर सहा महिन्यांच्या अंतराने येतो. कारखाना पाहायला जाल तेव्हा ‘कुठल्या महिन्यात खुडलेला’ एवढं विचारा. विक्रेता खूश होतो आणि डबा बदलून देतो.

या मळ्यांत पान खुडणाऱ्या बायका तमिळ बोलतात. त्यांचे पूर्वज दक्षिण भारतातून आधी कॉफीसाठी, मग चहासाठी आणले गेले. वाटेतल्या जंगलात, तापाने, उपासमारीने त्यांतले किती गेले याचा नीट हिशेबही कुणी ठेवला नाही. देश 1948 मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यांतल्या बहुतेकांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. 1964 मध्ये सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला. त्यात सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची आणि तीन लाख सिलोनने ठेवून घ्यायची असं ठरलं, आणि घरंच्या घरं दुभंगली. उरलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न सुटायला 2003 उजाडलं. 2023 मध्ये या मलैयह तमिळांनी आपल्या आगमनाची दोनशे वर्षं पाळली. ‘मलैयह’ म्हणजे डोंगरातले. मळ्याच्या कडेला ओळीने बांधलेल्या, एकेका खोलीच्या बैठ्या चाळी आजही दिसतात. तिथल्या बोलीत ‘लाइन’. रेल्वेच्या खिडकीतून टिपलेल्या प्रत्येक सुंदर चित्रात त्या कुठेतरी असतात. पाहणाऱ्याने त्या पाहाव्यात, वगळू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं.

नुवारा एलियाबद्दल थोडक्यात. उंची 1,868 मीटर. 1840 च्या दशकात सॅम्युअल बेकर या इंग्रजाने इथे वसाहतीचा पाया घातला; पुढे नाईलच्या खोऱ्यातल्या आल्बर्ट सरोवराच्या शोधाशी जोडलं गेलेलं नाव ते हेच. तांबड्या विटांचं टपाल कार्यालय, 1873 चं ग्रेगरी सरोवर, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, गाजर-लीकचे वाफे. भारतीय सहली इथे जवळच्या सीता एलियाच्या देवळासाठी थांबतात. एप्रिलच्या मध्याला सिंहली आणि तमिळ नववर्ष येतं तेव्हा अख्खं कोलंबो इथे लोटतं: फुलांची प्रदर्शनं, शर्यती, दुपटीचे दर. त्या दोन आठवड्यांत परक्याने जाऊ नये. हे गाव दोन्ही वाऱ्यांच्या तडाख्यात येतं, म्हणून इथे पाऊस कधीही येतो. सर्वांत कोरडे महिने जानेवारी ते मार्च, आणि तेव्हा पहाटे गवतावर हिमकण पडतात. पुणे-नाशिकचे हिवाळी कपडे नेणाऱ्यांनी आणखी एक स्वेटर ठेवावा.

त्याच्या दक्षिणेला हॉर्टन प्लेन्स. एकवीसशे मीटरच्या आसपासचं पठार, खुजी वाकडी झाडं, सांबरांचे कळप. महावेली, केलानी आणि वळवे या तीन मोठ्या नद्यांना इथून पाणी जातं. ‘वर्ल्ड्स एंड’ नावाचा कडा इथेच आहे. जमीन अचानक साडेआठशे मीटरहून अधिक खाली जाते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्याला पायातला तो कंप ओळखीचा वाटेल. फरक असा की इथे सकाळी नऊ-दहानंतर खालच्या खोऱ्यातून ढग वर चढतात आणि कड्यासमोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून सूर्योदयाला प्रवेशद्वारावर असावं. उशिरा निघालेल्या सहली पैसे भरून धुकं पाहून परततात.

पश्चिम रांगेवरचा श्रीपाद हा तर या दोन वाऱ्यांचा जिवंत पुरावा. 2,243 मीटरच्या या सुळक्यावर पाऊलखूण आहे. बौद्धांसाठी ती बुद्धाची, हिंदूंसाठी शिवाची, मुसलमानांसाठी आदमची. कित्येक ख्रिस्ती भाविकही चढतात. हॅटनच्या बाजूने पाच हजारांहून अधिक पायऱ्या. यात्रा सुरू होते डिसेंबरच्या पौर्णिमेला आणि संपते वैशाखी पौर्णिमेला. या महिन्यांत रात्रभर पायऱ्यांवर दिवे असतात, चहाच्या टपऱ्या उघड्या असतात, म्हाताऱ्या आया नातवंडांच्या आधाराने चढत असतात. वैशाखानंतर दिवे विझतात, टपऱ्या बंद होतात. धर्मकारण जे असेल ते असो, नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम उतारावर कोसळायला लागायच्या बेतात यात्रा आटोपते, हे शहाणपण लोकांनी शतकानुशतकं चढून मिळवलं आहे.

कँडीवर स्वतंत्र लेख हवा. इथे फक्त गोव्याशी असलेल्या दोन दुव्यांची नोंद करतो. पोर्तुगिजांनी 1560 मध्ये जाफन्यातून बुद्धाचा दात म्हणून एक अवशेष हस्तगत केला आणि गोव्यात नेऊन तो कुटून नष्ट केला. खरा दात त्यांच्या हाती लागलाच नव्हता, अशी सिंहली बौद्धांची श्रद्धा आहे आणि तोच आज कँडीच्या मंदिरात आहे. सव्वाशे वर्षांनी त्याच गोव्यातून जोसेफ वाझ नावाचा कोकणी पाद्री आला. डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती म्हणून तो 1687 मध्ये मजुराच्या वेशात जाफन्याला उतरला. कँडीत पोर्तुगिजांचा हेर समजून त्याला कैद झाली. पुढे देवीची साथ आली आणि राजधानीतले लोक पळाले तेव्हा हाच माणूस रुग्णांची सेवा करत मागे राहिला. कँडीच्या बौद्ध राजाने मग त्याला मुक्तपणे फिरू दिलं. तो 1711 मध्ये कँडीतच वारला आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत घोषित केलं. गोव्याने या डोंगराला दिलेल्या आठवणींत ही दुसरी मला जास्त मोलाची वाटते.

आता खाली उतरू.

डिसेंबर ते मार्च या काळात एल्लाहून दक्षिणेला उतरावं. नैर्ऋत्येचा किनारा तेव्हा शांत असतो. बेंटोटा, हिक्काडुवा, उनावटुना, मिरिसा, वेलिगामा अशी गावांमागून गावं, आणि मध्ये गॉलचा किल्ला. पोर्तुगिजांनी सुरुवात केली, डचांनी 1640 मध्ये ते ठाणं घेऊन भक्कम तट बांधले. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत गॉल शहराची धूळधाण झाली, पण तटाच्या आतली वस्ती बरीचशी वाचली. किल्ला नुसता पाहण्याचा नाही. आत शाळा, मशीद, चर्च, न्यायालय, राहती घरं आहेत. संध्याकाळी पोरं तटावर पतंग उडवतात.

मिरिसाहून पहाटे नावा देवमासे पाहायला निघतात. इथे सागरतळाचा उथळ कट्टा अरुंद आहे आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी लागतं, म्हणून निळा देवमासा इतक्या जवळ येतो. पण त्याच पाण्यातून आशियाचा व्यापार वाहून नेणारा अतिशय गजबजलेला जहाजमार्ग जातो आणि मोठ्या जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. पर्यटकांच्या नावाही कधी कधी त्यांना चहूबाजूंनी घेरतात. अंतर राखणारा, पाठलाग न करणारा नावाडी निवडायला दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात, ते विचारावेत. कोग्गलाजवळ खांबांवर बसून गळ टाकणारे मच्छीमार दिसतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनची आहे, आणि आज तिथे बसलेले बरेच जण छायाचित्राचे पैसे घेऊन बसतात. मासळी मिळेनाशी झालेल्या माणसाने असं पोट भरलं तर त्यात त्याला कमी लेखण्यासारखं काही नाही. पैसे आधी ठरवावेत, एवढंच.

एप्रिलपासून ही बाजू बदलू लागते. दुपारनंतर गडगडाट, समुद्राला ओढ, मेच्या अखेरीस लाल झेंडे. आणि नेमक्या याच महिन्यात आपल्या शाळांना सुट्टी लागते. स्वस्त पडलेली खोली बेंटोट्यात मिळते आणि कुटुंब आठवडाभर गॅलरीतून पाऊस बघतं. खोली स्वस्त का पडली, हे या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे.

मेमध्ये जायचं तर पूर्वेला जायचं. हा किनारा आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, याची कारणं आहेत. 1983 पासून 2009 पर्यंत देशात युद्ध होतं आणि पूर्वेची बरीच वर्षं त्यात होरपळली. त्सुनामीत देशभर तीस हजारांहून अधिक माणसं गेली, आणि सर्वांत मोठा घाव पूर्वेच्याच अंपारा जिल्ह्यावर बसला. जी गावं दोनदा उद्ध्वस्त झाली, ती आज सुट्टीचं ठिकाण म्हणून उभी राहू पाहत आहेत. तिथे खर्च केलेला पैसा मला अधिक सार्थकी लागलेला वाटतो.

एल्लाहून मोनरागलामार्गे अरुगम बेला तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. उसळत्या लाटांवर फळीवर उभं राहून सरकणाऱ्यांचं हे जगप्रसिद्ध ठिकाण. हंगाम एप्रिल-मे ते ऑक्टोबर. नैर्ऋत्येचा वारा इथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा उभा चेहरा गुळगुळीत ठेवतो. शेजारचं पोत्तुविल हे मुख्यतः मुस्लिम वस्तीचं गाव, पलीकडे तमिळ वस्त्या, आतल्या बाजूला सिंहली. दक्षिणेला कुमना अभयारण्य आणि त्याच्या तोंडाशी ओकंदाचं मुरुगन मंदिर. आषाढात या मंदिरापाशी पायी चालत आलेले भाविक जमतात. काही थेट जाफन्याहून पूर्वकिनाऱ्याने महिना-दीड महिना चालत आलेले असतात, आणि इथून जंगलातून कतरगामला जातात. आपल्याकडे ज्या दिवसांत दिंड्या पंढरीच्या वाटेवर असतात, त्याच दिवसांत. कतरगामच्या त्या देवाला हिंदू स्कंद म्हणून, बौद्ध क्षेत्रपाल म्हणून पुजतात, आणि मंदिराच्या आवारातच मशीद आहे.

उत्तरेकडे गेलं की पासिकुडा. इथे समुद्र इतका उथळ की बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेएवढं. लहान मुलं बरोबर असतील तर याहून बरी जागा नाही. आणखी वर त्रिंकोमाली. जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांत गणलं जाणारं हे बंदर पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळ्यांनी हवं म्हणून झगडून घेतलं. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. समुद्रात घुसलेल्या उंच खडकावर कोणेश्वराचं देऊळ आहे. जुनं देऊळ पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात पाडलं, आताचं विसाव्या शतकातलं. कड्याच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं तर कधी कधी पाण्यात कासवं दिसतात. गावाच्या उत्तरेला उप्पुवेली आणि निलावेली हे किनारे, समोर पिजन बेट. तिथल्या प्रवाळावर पाय ठेवू नये, हे प्रत्येकाने स्वतःच्या मुलांना आधीच सांगून ठेवावं. देवमासेही मे-जूनपासून इकडे दिसतात. डिसेंबरात मात्र हा समुद्र चवताळलेला असतो आणि बेटाच्या नावा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.

वाऱ्याचं हे गणित सर्वांत नीट कुणाला कळलं असेल तर ते मच्छीमारांना. कोकणात जून-जुलैत होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. आपल्याला दुसरा किनारा नाही. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नेगोंबो-चिलॉकडची कित्येक कोळी कुटुंबं मात्र पिढ्यान् पिढ्या नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होताना जाळी-होड्यांसह पूर्वेला जात आली आहेत आणि वारा फिरला की परत. या स्थलांतरातून सोयरिकी झाल्या, भाषा मिसळल्या, युद्धाआधी आणि नंतर तंटेही झाले. कारण पूर्वेच्या तमिळ कोळ्यांनाही त्याच मोसमात त्याच पाण्यातून पोट भरायचं असतं. पर्यटन व्यवसायातली काही मंडळीही आता हेच करतात: हिवाळ्यात वेलिगामा, उन्हाळ्यात अरुगम बे.

खाण्याबद्दल एक सूचना, कारण पत्रांतून ती हमखास विचारली जाते. तांदळाच्या शेवयांचे ‘इंडिआप्पा’ सिंधुदुर्गातल्या शिरवाळ्यांची आठवण देतात, फक्त इथे त्यांच्यासोबत नारळाची तिखट आमटी आणि डाळ येते. नारळाची लाल चटणी, ‘पोल संबोल’, शाकाहारी समजून वाढली जाते, पण तिच्यात बऱ्याचदा उंबलकड म्हणजे वाळवलेल्या मासळीचा चुरा असतो. न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

राहिली दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन वाऱ्यांच्या मधला काळ. डोंगर तेव्हा कुणालाच अडवत नाही. दुपारनंतर दोन्हीकडे पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात. भिजून जड झालेले डोंगरउतार तेव्हाच सुटतात. 29 ऑक्टोबर 2014 ला कोसलंदाजवळ मीरियबेद्द इथे दरड कोसळली आणि चहामळ्यातल्या मजुरांच्या लाइनी गाडल्या गेल्या. 2025 च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळ बेटावरून गेलं तेव्हा सहाशेहून अधिक माणसं मेली, त्यांतली खूप डोंगरातल्या जिल्ह्यांत, आणि वर जिचं इतकं कौतुक केलं त्या रेल्वेमार्गाचीही जागोजागी मोडतोड झाली. तिकिटं काढण्यापूर्वी मार्गाचा कुठला टप्पा सुरू आहे याची चौकशी करावी. बंद टप्पा बसने करता येतो. अशा देशात पर्यटकाने पाठ फिरवू नये, योग्य महिन्यात जावं. पावसाच्या तोंडावर दरडींच्या रस्त्यांवर आणखी गाड्या घालण्यापेक्षा जानेवारीत जाऊन तिथल्या घरगुती निवासात चार रात्री जास्त राहिलेलं तिथल्या लोकांच्या अधिक कामाचं.

तेव्हा घरातली ती चर्चा अशी मिटवता येईल. नाताळची सुट्टी असेल तर कँडी, शक्य झाल्यास श्रीपाद, नुवारा एलिया, एल्ला आणि मग दक्षिणेला मिरिसा-गॉल. मे-जून असेल तर कँडीहून रेल्वेने बोगदा ओलांडून एल्ला, आणि तिथून पूर्वेला अरुगम बे, वेळ असेल तर पासिकुडा, त्रिंकोमाली. दिवाळीलाच जायचं असेल तर समुद्राचा हट्ट सोडावा आणि सपाटीवरच्या सिगिरिया-अनुराधापुराकडे वळावं, सकाळी फिरावं, दुपारी छपराखाली असावं.

त्या सपाटीवरच्या कोरड्या मुलखाने दोन हजार वर्षांपूर्वी पावसाचं पाणी तळ्यांत कसं साठवलं, आणि त्या तळ्यांकाठी आज हत्तींचे कळप का जमतात, हे पुढच्या लेखांकात.